ताण मोजणाऱ्या गहाणे मॅडम

"पुस्तकं किती आहेत?"

गहाणे मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गोंदियाला नोकरी लागून मी नुकतीच नाशिकहून आले होते आणि त्यांच्या घराच्या माडीवरची खोली भाड्यानं बघायला गेले होते. एकटी बाई म्हटल्यावर घरमालक जे जे विचारतात त्या सगळ्याची उत्तरं मी ऑटोतच जुळवून ठेवली होती. पुस्तकांचा प्रश्न त्यात नव्हता. मला वाटलं, बाईंना वाचनाची आवड दिसते. मी हौसेनं सांगितलं की भरपूर आहेत, दोन कपाटं भरून.

"मग ती भिंतीला लावून ठेवा. मधोमध नको. दोन्ही एकाच भिंतीला तर मुळीच नको," त्या म्हणाल्या. "आणि पाण्याचा पिंप आणणार असाल तर आधी मला सांगा."

नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रुजू व्हायला गेले तर स्टाफरूममध्ये समोर त्याच. शालिनी गहाणे, मेकॅनिकल विभाग. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवणार होते. कॉलेज गोंदियाजवळच्या गोरेगावच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. मॅडमची जुनी स्कूटर होती. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला मागे बसवलं आणि पुढची काही वर्षं मी त्यांच्या पाठीमागे बसूनच कॉलेजला गेले. वाटेत त्या बोलत नसत. पुलाआधी मात्र स्कूटर हळू करत आणि समोरून धानाचा ट्रक येत असला तर तो पूल ओलांडून जाईपर्यंत थांबत. सुरुवातीला मला वाटायचं की त्या भित्र्या आहेत.

वय पन्नाशीच्या अलीकडचं. उंच, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर कायम सुती साडी. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक भलामोठा कॉम्प्युटर. टेबलाचे चारही कोपरे सुताराकडून गोल करून घेतलेले. कोपऱ्यांशी त्यांचं वैरच होतं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी गेलेली भेग दिसली की त्या उभ्या राहून बोटानं तिचा माग काढत. "भेग इथूनच सुरू होणार. कोपरा दिला की ताण तिथं येऊन बसतो. थोडी गोलाई द्यायला यांचं काय जातं?" असं त्या भिंतीलाच म्हणत.

त्या नेमकं काय शिकवतात हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. विषयाचं नाव फायनाइट एलिमेंट. एकदा डबा खाताना मी विचारलं, तर त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"ते शेत बघा. एवढ्या चढउताराच्या जमिनीत पाणी एकदम नाही धरता येत. म्हणून काय करतात? बांध्या पाडतात. एकेक बांधी सपाट, लहान. तिचा हिशोब सोपा. आमचंही तेच. लोखंडाचा एखादा तुकडा आहे, आकार वेडावाकडा, त्याच्यावर भार आला. आत कुठे किती ताण आला हे अख्ख्या तुकड्याचं एकदम सांगता येत नाही. म्हणून त्याच्या हजारो बारीक बांध्या पाडायच्या. एकेकीचं गणित सोपं. मग सगळ्या एकमेकींना जोडून कॉम्प्युटरला सांगायचं, आता सोडव."

मला एकदम समजल्यासारखं वाटलं आणि मी तसं म्हणाले.

"थांबा. शेतात धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, दोन्ही बाजूंचं पाणी वेगळ्या पातळीवर असलं तरी चालतं. इथं नाही चालत. इथं शेजारच्या दोघी बांध्या हलल्या तर धुऱ्यावर एकसारख्याच हलल्या पाहिजेत. उदाहरण इथपर्यंतच. त्याच्यापुढे ते खोटं आहे."

ही त्यांची रीतच होती. समजावून सांगताना उदाहरण द्यायच्या आणि ते कुठे खोटं पडतं तेही लगेच सांगायच्या. त्यामुळे मुलं वैतागत. मुलांना वाटायचं, आताच कुठे समजलं होतं, बाईंनी परत काढून घेतलं.

एकदा त्यांच्या लॅबमध्ये मी चावी मागायला गेले होते. एका मुलानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक कॉम्प्युटरवर काढून त्याचं ताणाचं चित्र केलं होतं. मोठं देखणं चित्र, निळ्यापासून हिरव्या-पिवळ्यातून लाल होत गेलेलं. सगळी लॅब त्याच्याभोवती जमली होती. मॅडमनी चष्मा वर करून पडद्याच्या कडेला लिहिलेले आकडे वाचले.

"काऊन रे बाबू, ह्या हुकाले ट्रॉली लावून राहिला का चिमणी?"

मुलं हसली. त्या मुलानं लांबी मीटरमध्ये आणि लोखंडाची ताकद मिलिमीटरच्या मापात टाकली होती. कॉम्प्युटरनं काही तक्रार न करता उत्तर दिलं होतं, रंगांसकट.

"हातानं काढून पाहिलं होतं का?"

"नाही मॅडम. सॉफ्टवेअरनं काढलं ना."

"हुकावर किती ओढ, हुक किती जाड. भागाकार आहे. तिसरीतला. तो आधी करायचा. मग हे रंग पाहायचे." मग थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "लाल दिसलं म्हणजे तुटलंच असं नसते. निळं दिसलं म्हणजे वाचलं असंही नसते. हे तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर आहे. तुम्ही काय विचारलं ते तुमालेच माहीत पायजे."

वर्गात त्या अशा इकडच्या झाडीबोलीत उतरायच्या. माझ्याशी मात्र पुस्तकी बोलायच्या, बहुधा मी नाशिकची म्हणून. त्याचं मला वाईट वाटायचं. माझ्याशी बोलताना त्या पाहुण्यांसाठी काढलेली भाषा वापरतात असं वाटायचं.

त्या इटियाडोह धरणाकडच्या एका गावच्या. जातीनं कोहळी. गावचा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला, असं तिकडे सगळेच कोहळी सांगतात आणि बहुतेक ते खरंच असतं. आईवडील गेलेले. मागे एक धाकटा भाऊ, विलास. नागपूरला शिकताना आणि नंतर पुण्यात नोकरी करताना मॅडम त्याला पैसे पाठवत. पुण्याची चांगली नोकरी सोडून त्या गोंदियाला आल्या त्याही विलासला इकडे धंद्यात पाय रोवायचे होते म्हणून. मी राहायला आले तेव्हा विलासची शहराबाहेर एका राइस मिलमध्ये भागी होती. दर रविवारी तो बायकोमुलीला घेऊन यायचा. तो मॅडमना 'बाई' म्हणायचा, तिकडे मोठ्या बहिणीला असंच म्हणतात. रविवारी खालून हसण्याचे आवाज यायचे. मॅडमचं हसणं मी फक्त त्या जिन्यातून ऐकलं. त्यांच्या भाचीला, पूनमला, त्यांनी सायकल शिकवली होती, गणित शिकवलं होतं आणि भांड्याच्या काठावर ताटली तोलून कशी ठेवायची तेही.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी मॅडम मलाही घेऊन गेल्या. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळीकडे भुशाचा वास. त्या मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा, तांदूळ व्हायचा. त्यासाठी धान आधी गरम पाण्यात भिजत घालतात. त्याच्या टाक्या लोखंडी, उंच, खाली निमुळत्या होत गेलेल्या आणि चार पायांवर उभ्या. पूजा झाल्यावर सगळे पेढे खात होते आणि मॅडम एका टाकीखाली मान वर करून उभ्या होत्या.

"विलास, ही उंच कधी केली?"

"मागच्या साली. वरून एक कडं जोडलं. जास्त धान मावते आता."

"आणि पाय?"

"पाय तेच आहेत. मजबूत आहेत बाई, पाहून घे." त्यानं एका पायावर थाप मारली.

मॅडमनी पाय आणि टाकी जिथे जोडली होती तिथे हात लावला. तिथे एक पत्र्याचा चौकोनी तुकडा वेल्ड केलेला होता, काटकोनी कोपऱ्यांचा, गंजलेला. टाकीखाली काही बाया डबे सोडून बसल्या होत्या. मिलमध्ये धान पसरवायला, पोती शिवायला येणाऱ्या बाया. टाकीची ऊब लागते म्हणून थंडीच्या दिवसांत त्यांची ती जेवायची जागा ठरलेली असते, असं विलास म्हणाला. तेव्हा थंडी यायची होती, पण सवयीनं त्या तिथेच बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी मॅडमनी विलासला मोजमाप मागितलं. त्यानं थट्टा केली, पण दिलं. मग दिवाळीची सुटी त्यांनी कॉम्प्युटरपुढे काढली. मी नाशिकहून परत आले तेव्हा त्यांच्या पडद्यावर ती टाकी होती. पायांच्या जोडाशी लाल.

"त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर मी विश्वास नाही ठेवत," त्या मला म्हणाल्या. "कोपऱ्यात बांध्या जितक्या बारीक कराल तितका आकडा वाढतच जातो. तो खरा नसतो. म्हणून मी कोपऱ्यापासून जरा दूरचं पाहते आहे. तिथंही बरं नाही."

विलास आला. त्याच्यासोबत त्याचा भागीदार शेठही आला. मी चहा घेऊन गेले होते म्हणून ते बोलणं माझ्यासमोरच झालं. मॅडमनी सांगितलं की टाक्या रिकाम्या करा, जोडाला आधाराच्या पट्ट्या लावा, पाय जाड करा. तोवर भरू नका.

"बाई, सीझन सुरू होऊन राहिला," विलास म्हणाला. "सरकारी धान येऊन पडलं आहे. आता टाक्या खाली करू? महिनाभर?"

"हो."

शेठ पडद्याकडे बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. शांतपणे म्हणाला, "मॅडम, कंप्यूटर में तो सब टूटता है. हमारा टंकी एक साल से खड़ा है."

"उभं आहे म्हणजे उभं राहील असं नाही ना."

"तो गिरेगा ही, ऐसा भी नहीं ना?"

मॅडमनी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "नाही. तसंही नाही."

त्या तेवढं खोटं बोलल्या असत्या, 'पडणारच' म्हणाल्या असत्या, तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. मला तेव्हा असंच वाटलं. शेठ हसला, उठला. विलासही उठला. जाताना त्यानं चपला घालत मान खाली ठेवून सांगितलं, "सीझन झाला की करतो बाई. खरंच करतो."

थंडी पडली. मॅडम एकदा मिलवर जाऊन आल्या. परत आल्यावर त्या जेवल्या नाहीत. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "बाया तिथंच बसतात. आता तर मुलंही आणतात."

मग त्यांनी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात स्वतः जाऊन तक्रार दिली. नाव लपवलं नाही. जायच्या आधी विलासला फोन करून सांगितलं, मी जात आहे. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी पदर खोचला, स्कूटर काढली आणि गेल्या.

तपासणी झाली, मिल बंद ठेवण्याचा आदेश निघाला. कागद इकडून तिकडे जाण्यात हंगाम गेला. शेठनं दुसरीकडे पैसा लावला, भागी मोडली. टाक्या पाडून भंगारात विकल्या. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या लगबगीनं मिलवर गेल्या, तो जोड त्यांना एकदा कापलेला बघायचा होता. पण ट्रक आदल्या दिवशीच छत्तीसगडकडे निघून गेला होता. विलासनं गोंदियाचं घर सोडलं, तो गावी शेती करायला परत गेला. त्यानंतरच्या रविवारी मॅडमनी नेहमीसारखा जास्तीचा भात टाकला. मग तो मला वर आणून दिला.

एके दिवशी दुपारी फाटकाशी चारपाच बाया आल्या. मिलमधल्याच. भांडायला आल्या होत्या, पण मॅडमना पाहून त्यांचा आवाज खाली आला. त्यातली एक वयस्क बाई पुढे झाली.

"तूच ना ते कंप्युटरवाली बाई?"

"हो."

"आमची रोजी गेली. आता दरेकसाच्या जंगलात लाकडं फोडायले जाऊन राहिलो आमी. कायले केलं तू असं?"

मॅडमनी सांगायचा प्रयत्न केला. टाकी, पाय, तुम्ही खाली बसता. बाईनं ऐकून घेतलं.

"आमी बसायची जागा बदलली असती ना बाई. एकदा सांगून तर पाहायचं. मिल कायले बंद केली?"

मॅडमनी फाटक पूर्ण उघडलं. त्यांनी चहा विचारला. बाया नको म्हणाल्या आणि आल्या तशा गेल्या. मॅडम बराच वेळ फाटकाची कडी धरून उभ्या होत्या.

त्या पावसाळ्यात कॉलेजला जाताना आम्ही आणखीच कमी बोलायचो. घरी मात्र त्यांच्या पडद्यावरून ती टाकी हलेना. जुनं मोजमाप घेऊन त्या तिला पुन्हा पुन्हा सोडवत. कधी पाणी जास्त धरून, कधी वारा धरून, कधी गंज कमी धरून. एकदा मी धीर करून विचारलं.

"मॅडम, तुमचं चुकलं असेल का?"

त्यांना राग आला नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी मला शेजारची खुर्ची दिली.

"हे बघा. सगळं गणित एका गोष्टीवर येऊन थांबतं. वेल्ड आत किती खोल गेलंय. ते बाहेरून दिसत नाही. चांगलं गेलंय असं धरलं, तर टाकी उभी राहते. अगदी आरामात नाही, पण राहते. वाईट गेलंय असं धरलं, तर नाही राहत. कॉम्प्युटर दोन्ही सांगतो. काय धरायचं ते आपण सांगायचं असतं."

"आणि तुम्ही वाईट धरलं."

"हो."

"का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी स्वतःच्या बोलीत बोलल्या.

"खाली बाया जेवून राहिल्या होत्या ना."

दोनएक वर्षांनी पूनमचं लग्न ठरलं. पत्रिका आली नाही. पण भावजयीनं लपून फोन केला, आणि मॅडमनी मला विचारलं, "याल का सोबत?" आम्ही एसटीनं गेलो. गोरेगावला बाजाराचा दिवस होता, बस कोंबड्यांच्या खुराड्यांनी आणि भाजीच्या टोपल्यांनी भरली. मॅडमच्या मांडीवर भाचीसाठी घेतलेल्या साडीचं खोकं होतं, ते त्यांनी सगळ्या वाटेत दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नवेगाव मागे पडलं, कालवे दिसू लागले. गाव जवळ आलं तसं त्यांनी दोनदा केस सारखे केले.

मांडवात बायकांनी जागा करून दिली. कुणी वाईट वागलं नाही. पूनम धावत येऊन आत्याच्या गळ्यात पडली आणि मग बापाकडे पाहून बाजूला झाली. विलास आमच्याकडे आला नाही.

पंगत बसली. वाढणाऱ्यांत तो होताच, घरचं लग्न. भाताचं टोपलं घेऊन तो ओळीनं वाढत येत होता, आणि मी पाहत होते की आमच्याजवळ येताना तो टोपलं दुसऱ्याकडे देतो की काय. त्यानं दिलं नाही. तो मॅडमच्या पानापुढे वाकला, व्यवस्थित भात वाढला. मग तसाच वाकलेला राहिला.

"टाकी पडली का बाई?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

मॅडमनी वर पाहिलं.

"सांग ना. पडली का?"

"नाही पडली."

"मंग?"

आजूबाजूचे जेवायचे थांबले होते. मॅडमचा हात पानाच्या कडेवर होता.

"ते तोडून टाकली ना रे विलास. पडली असती का नाही, हे आता कोणालेच समजणार नाही."

"तुलेबी?"

"मलेबी नाही."

विलास उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. तो दमलेला दिसत होता, उन्हानं रापलेला, बहिणीपेक्षा म्हातारा. तो पुढच्या पानाकडे सरकला. मॅडमनी पानातलं सगळं संपवलं. एक शीतही टाकलं नाही. हात धुऊन साडीचं खोकं भावजयीच्या हातात दिलं, आणि आम्ही दिवस मावळायच्या आत निघालो. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

कॉलेजात मेकॅनिकलला मुलं येईनाशी झाली. सगळ्यांना कॉम्प्युटर शाखा हवी होती. शेवटच्या बॅचला मॅडमच्या विषयात इतकी कमी मुलं उरली की त्या फळ्यापुढे उभं राहण्याऐवजी त्यांच्यातच बाक ओढून बसत. मग शाखा बंद झाली. व्यवस्थापनानं मॅडमना पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायला सांगितलं, तेही त्यांनी एक वर्ष निमूट केलं. नंतर राजीनामा दिला. निरोपाला त्यांना शाल दिली, मी चार शब्द बोलले. त्या उत्तरादाखल उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "स्टाफरूमच्या बाल्कनीत सगळे एकदम उभे राहू नका." लोक हसले. त्यांनी ते गमतीनं म्हटलं नव्हतं.

त्या घरूनच काम करू लागल्या. पुण्यातल्या ओळखीच्या कुणाकुणाकडून कॉम्प्युटरवर भाग येत. गाडीचा एखादा आडवा दांडा, पंपाचं झाकण, कसलं तरी ब्रॅकेट. त्यांचा ताण काढून त्या परत पाठवत. "हे कुठे बसवतात?" मी एकदा विचारलं. "माहीत नाही. ते सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. दिवसभर त्या ज्या वस्तूंचा विचार करत त्यातली एकही त्यांनी कधी हातात घेतली नाही. पलीकडची माणसंही आवाजापुरती. त्यातला एक कुणी दर वेळी त्यांना "गहाणे सर" म्हणून मेल लिहायचा. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

मलाही नाशिकला नोकरी मिळाली. निघताना कपाटं उतरवली तेव्हा मॅडम खाली उभ्या राहून हमालांना कुठे धरायचं ते सांगत होत्या. फोन करत राहू असं ठरलं. सुरुवातीला केले. त्या फोनवर बोलायच्या नाहीत फार. काय चाललंय विचारलं की म्हणायच्या, "काम." जेवलात का विचारलं की "हो." हळूहळू मीच कमी केले. विलास आणि त्यांचं बोलणं सुरू झालं का, हे विचारायचं दर वेळी ठरवायचे आणि दर वेळी राहून जायचं.

मागच्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामासाठी गोंदियाला जाणं झालं. दुपारी वेळ होता. न कळवताच मी त्यांच्या घराकडे गेले. फाटक उघडं होतं, अंगणात ऊन होतं, माडीवरच्या खोलीला कुलूप. माझ्यानंतर त्यांनी तिथे कुणाला ठेवलंच नव्हतं. आतून त्यांचा आवाज येत होता. कुणीतरी आलंय असं वाटून मी व्हरांड्यातच थांबले. मनात आलं, विलास असेल. खिडकीतून पाहिलं.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि मॅडम त्याच्यापुढे उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, अंबाडा घट्ट, केस आता पांढरे. मागे भिंतीला एक लहान काळा फळा टांगला होता, त्यावर त्रिकोणांची जाळी काढलेली. त्या व्हिडिओ करत होत्या. आधीही काही केले असावेत, कारण त्या म्हणत होत्या, "मागच्या वेळी आपण एक त्रिकोण पाहिला. आज दोन त्रिकोण जोडू." सगळं त्यांच्या बोलीत, संथ, खडूनं एकेक टोक दाखवत. हे टोक हललं की ते कसं हलते, मधल्या रेघेवर दोघांले कसं एकसारखं राहावं लागते. मी इतकी वर्षं त्यांच्या मागे बसले, पण त्यांचा अख्खा तास मी कधी ऐकला नव्हता. उभ्या उभ्या ऐकत राहिले. मला सगळं समजत होतं.

शेवटची रेघ ओढून त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि मोबाइलकडे वळल्या.

"समजलं का?"

असं विचारून त्या थांबल्या. मला वाटलं, आता पुढे बोलतील. त्या बोलल्या नाहीत. मान किंचित वाकडी करून, मागच्या बाकावरच्या कुणाची वाट पाहावी तशा त्या त्या लहानशा काचेकडे पाहत उभ्या राहिल्या. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली, तिचा आवाज विरला, तरी त्या थांबलेल्याच होत्या.

मग त्यांनी मान हलवली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगते," आणि फळा पुसायला वळल्या.